दोन्ही ट्रॅक ४ए, तरी सूर का लागत नाही?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: दोन वर्षांपासून टेक्नो वाजवणाऱ्या एका वाचकाचं हे पत्र आहे. संगीताचं शिक्षण झालेलं नाही, म्हणून सुरुवातीपासून सगळी भिस्त सॉफ्टवेअरने काढून दिलेल्या की-कोडवर (ट्रॅकची की, म्हणजे तो कुठल्या सुरात आहे, ते सांगणारी ४ए, ८बी अशी खूण; आकडे घड्याळासारख्या चाकावर १ ते १२, ए म्हणजे मायनर, बी म्हणजे मेजर). लायब्ररीतल्या जवळपास दोन हजार ट्रॅकना कोड लावून झालेत. सेट आखताना तोच कोड किंवा शेजारचा कोड घ्यायचा, बाहेर जायचं नाही, असा नियम. टेम्पोसाठी सिंक, म्हणजे दोन ट्रॅकचा वेग आणि ठोके आपोआप जुळवणारं बटण. मास्टर टेम्पो, म्हणजे वेग बदलला तरी सूर तसाच ठेवणारी सोय, मात्र कायम बंद, कारण तो चालू केला की किक (ड्रमचा खालचा, जड ठोका) मऊ पडते असं कुणीतरी सांगितलेलं. गेल्या महिन्यातला दीड तासाचा सेट सगळा ४ए आणि ५ए मध्येच राहिला. त्यात मूळ १२८ बीपीएमचा (मिनिटाला १२८ ठोक्यांचा) ट्रॅक १३४ वर चालला होता, त्यात मूळ १३६ चा ट्रॅक १३४ वर आणून मिसळला. दोन्ही ४ए. तरी मिक्स आंबट लागला, खालचा आवाज गढूळ झाला, नाचणारे थंडावले. एक अनुभवी डीजे मित्र म्हणतो, कोड आणि सिंक दोन्ही सोड, कानाने वाजव. दुसरा म्हणतो, जास्त अचूक सॉफ्टवेअर घे. वाचकाचे दोन प्रश्न आहेत: "स्क्रीनवर सगळं बरोबर होतं, म्हणजे माझा कानच कच्चा आहे का? आणि इतकं जुळवूनही माझे सेट सपाट का वाटतात?"

उत्तर:

तुमचा कान कच्चा नाही. त्या रात्री तुमच्याजवळ एक कोड होता, एक सिंक होता आणि एक कान होता. तिघांपैकी खरं सांगत होता तो कान. तुम्ही त्यालाच गप्प केलंत, याचं मला वाईट वाटतं, म्हणून हे उत्तर जरा सविस्तर लिहिते.

मिक्स आंबट का झाला ते तुमच्याच पत्रात आहे. मास्टर टेम्पो बंद असला की ट्रॅकचा वेग वाढवला तर सूरही चढतो, वेग कमी केला तर सूर उतरतो. साधारण ६ टक्के वेग वाढला की अर्धा स्वर वर. तुमचा पहिला ट्रॅक १२८ वरून १३४ वर नेलेला होता, म्हणजे पावणेपाच टक्क्यांच्या आसपास वर. अर्ध्या स्वराचे १०० सेंट धरले तर तो ७९ सेंट चढला. दुसरा १३६ वरून १३४ वर आला, तो २६ सेंट उतरला. दोघांमधलं अंतर १०५ सेंट. पुरता अर्धा स्वर, आणि वर थोडं. हार्मोनियमवर एक हात पांढरी चारवर आणि दुसरा काळी तीनवर ठेवून दोन्ही पट्ट्या एकदम दाबल्या, तर जे ऐकू येईल ते तुमच्या स्पीकरमधून येत होतं. स्क्रीनवर मात्र ४ए, ४ए. लायब्ररीत लिहिलेला कोड फाइलच्या मूळ वेगाचा असतो. काही सॉफ्टवेअर पिच फेडरबरोबर (वेग कमी-जास्त करायची सरकती पट्टी) कोड बदलून दाखवतात, पण सेट घरी बसून लायब्ररीतल्या रकान्यावरून आखला असेल तर त्याचा उपयोग होत नाही.

यात एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. मास्टर टेम्पो बंद असताना दोन ट्रॅक १३४ वर भेटले काय, १३० वर भेटले काय किंवा १४० वर, त्यांच्या सुरांमधलं अंतर तेवढंच राहतं. ते फक्त दोघांच्या मूळ टेम्पोच्या गुणोत्तरावर ठरतं. १३६ भागिले १२८ म्हणजे १.०६२५, आणि या आकड्यातच तुमचा अर्धा स्वर बसलेला आहे. "मध्यावर भेटवलं तर दोघांवर कमी ताण येईल" हा विचार किकच्या पोतासाठी ठीक आहे. सुराला त्याने काही फरक पडत नाही.

आता गढूळपणाचं. ४ए म्हणजे एफ मायनर. दोन्ही ट्रॅकची बेस खालच्या एफवर असेल, तर मूळ वेगाला तो स्वर ४३.६५ हर्ट्झचा. वेग बदलल्यावर पहिला ट्रॅक गेला ४५.७ वर, दुसरा आला ४३ वर. इतक्या खालचे दोन जवळजवळचे स्वर एकत्र वाजले की कानाला ते दोन स्वर म्हणून ऐकूच येत नाहीत. एकच आवाज ऐकू येतो, आणि तो फुगतो-ओसरतो, दोघांच्या फरकाइतक्या वेळा. इथे सेकंदाला २.७ वेळा. आणि १३४ बीपीएमला किक पडते सेकंदाला २.२३ वेळा. म्हणजे तुमच्या मिक्समध्ये किकच्या चालीशी न जुळणारी एक दुसरीच चाल खालून सुरू झाली होती, सूर चुकल्यामुळे. नाचणाऱ्याला की-बी काही कळत नाही, त्याला पायाखालचा ठोका डळमळलेला कळतो. लोक थंडावले ते यामुळे, असं मला जवळजवळ खात्रीने वाटतं.

हाच अर्धा स्वर वरच्या पट्टीत, एखाद्या कर्कश स्टॅबमध्ये (झटक्यात वाजून थांबणाऱ्या कॉर्डमध्ये) असता, तर कदाचित तो तणाव छानही वाटला असता. टेक्नोला तसा तणाव पचतो, कित्येकदा हवाच असतो. खाली मात्र पचत नाही. म्हणून "या दोन ट्रॅकचे कोड जुळतात का" याआधी स्वतःला विचारायचा प्रश्न असा: मिक्स चालू असताना दोन्हींमधलं नेमकं काय एकाच वेळी वाजणार आहे?

पहिल्या ट्रॅकचा शेवट नुसता किक, हॅट आणि एखादी शेकरसारखी खसखस असेल आणि दुसऱ्याची बेसलाइन त्यावर येणार असेल, तर पहिल्याची की १ए आहे की ९ए याला काहीही अर्थ उरत नाही. जिथे दोन सूर भेटतच नाहीत तिथे भांडण कसलं? उलट दोन्हीकडे पॅड, म्हणजे सुरांचे लांब, ओढलेले थर असतील तर २० सेंटचा फरकही बोचेल, कोड हुबेहूब एक असला तरी. तुमचा नियम या दोन प्रसंगांना एकाच मापाने मोजतो. त्याने पहिल्या प्रसंगात तुमचे हात विनाकारण बांधले जातात आणि दुसऱ्यात खोटी हमी मिळते.

आणि कोड मुळात येतो कुठून? सॉफ्टवेअर ट्रॅकमधली ऊर्जा बारा स्वरांत वाटून बघतं, मग २४ की असतात (बारा मेजर, बारा मायनर), त्यांतल्या कुणाच्या नमुन्याशी हे वाटप जास्त मिळतं ते ठरवतं. चाल असलेल्या, कॉर्ड बदलणाऱ्या संगीतात हे बऱ्यापैकी चालतं. टेक्नोत काय असतं? कित्येकदा एकाच स्वरावर सहा मिनिटं ठोकणारी बेस, वरून खाली घसरत येणारी किक, आवाजाचे फवारे, आणि एकच कॉर्ड सॅम्पल करून कीबोर्डवर वरखाली सरकवलेला, त्यामुळे कुठल्याच एका कीच्या सात स्वरांत न बसणारा. मेजर की मायनर हे ठरवायला तिसरा स्वर लागतो, तोच पुष्कळ ट्रॅकमध्ये नसतो. तरी रकान्यात काहीतरी छापून येतं, आणि ते इतक्या ठामपणे छापलेलं असतं की आपण विश्वास ठेवतो. म्हणून दुसऱ्या मित्राचा सल्ला, म्हणजे महागडं सॉफ्टवेअर, मला पटत नाही. तुमची चूक मोजणीतल्या अचूकतेची नव्हतीच. दोन्ही ट्रॅकचे कोड शंभर टक्के बरोबर असते तरी त्या रात्री तेच झालं असतं.

पहिल्या मित्राचं म्हणणं अर्धं पटतं. हे संगीत आणि हे मिसळणं कोडशिवायच वाढलं. फ्रान्सिस ग्रासो हा डीजे १९६० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये नुसत्या कानाने ठोके जुळवत होता. १९७९ साली टेक्निक्सची एसएल-१२०० एमके२ ही टर्नटेबल आली, तिच्यावरचा पिच फेडर अधिक-उणे ८ टक्क्यांचा होता. पूर्ण वर सरकवला की रेकॉर्डचा सूर १३३ सेंट चढायचा. मास्टर टेम्पो नावाची सोयच नव्हती. वेग हलला की सूर हलतो हे त्या पिढीला कुणी शिकवावं लागलं नाही, बोटांना माहीत होतं. डेट्रॉइटचा टेक्नो डीजे जेफ मिल्स तीन-तीन डेक (प्लेयर) एकदम चालवतो, ते काही चाकावरचे आकडे बघत बसून जमत नाही.

पण म्हणून कोड फेकून द्या, हे काही मला मान्य नाही. त्या चाकाची मांडणी मुळात चांगली आहे. शेजारचा आकडा म्हणजे षड्ज-पंचमाचं अंतर, सातपैकी सहा स्वर समान. आकडा तोच आणि ए-बी बदललं तर सातही स्वर समान, फक्त घर बदलतं, जसं ८ए म्हणजे ए मायनर आणि ८बी म्हणजे सी मेजर. दोन हजार ट्रॅकमधून पाच मिनिटांत वीस उमेदवार बाजूला काढायला यासारखं साधन नाही. निवड करायला ते वापरा. निकाल मात्र हेडफोनमध्ये लागू द्या.

सिंकबद्दलही तेच. सिंक वापरणं म्हणजे लबाडी आहे असं मला अजिबात वाटत नाही. हात मोकळे राहतात आणि ते ईक्यूवर (खालचा, मधला, वरचा आवाज कमी-जास्त करणारे नॉब), लूपवर, पुढच्या निवडीवर खर्च करता येतात. अडचण इतकीच की सिंक बीटग्रिडवर, म्हणजे सॉफ्टवेअरने ट्रॅकवर आखलेल्या ठोक्यांच्या खुणांवर विसंबतो, आणि ग्रिड चुकीची असू शकते. जुन्या, हार्डवेअरवर थेट वाजवून रेकॉर्ड केलेल्या किंवा विनाइलवरून उतरवलेल्या ट्रॅकचा वेग किंचित हलत असतो. ग्रिड ०.१ बीपीएमने चुकली आहे असं समजा. १३४ ला दर ठोक्याला ४४८ मिलिसेकंद लागतात, म्हणजे एका मिनिटात दोन्ही किक ४५ मिलिसेकंदांनी फाकतील. एवढं फाकलेलं कुणालाही ऐकू येतं, "टक" ऐवजी "टटक" असं. पण त्याच्या बरंच आधी, साधारण १३ सेकंदांत, किक १० मिलिसेकंदांनी सरकलेल्या असतात आणि तिथेच खरा घात होतो. ५० हर्ट्झच्या लाटेची एक फेरी २० मिलिसेकंदांची. १० मिलिसेकंद म्हणजे बरोबर अर्धी फेरी. एकीची लाट वर जाते तेव्हा दुसरीची खाली, दोघी एकमेकींना खातात. ठोका चुकलाय असं वाटत नाही, किक मात्र अचानक पोकळ होते, पोटात लागायची थांबते. स्क्रीनवर तेव्हाही दोन्ही रेघा एकमेकींवर बसलेल्याच दिसतात.

हे ओळखायला शिकायचं असेल तर असं करून बघा. एका ट्रॅकची फक्त किक वाजत असलेली चार आवर्तनं (एक आवर्तन म्हणजे चार ठोके) लूपवर टाका. तोच ट्रॅक दुसऱ्या डेकवर, तीच लूप. सिंकने जुळवा, दोन्हींचे लो (ईक्यूचा खालच्या आवाजाचा नॉब) पूर्ण उघडे ठेवा, हेडफोन चांगले असू द्या. मग सिंक काढा आणि जॉग व्हीलला (डेकवरच्या फिरत्या चकतीला) करंगळीने पुसटसा धक्का द्या. अगदी पुसटसा. किक आधी भरदार आहे, मग पातळ होतेय, मग नाकातून बोलल्यासारखी होतेय, मग दोन होतायत. परत उलट्या दिशेने या. पाच-सहा वेळा केलंत की "पोकळ" हा आवाज कानात बसेल, आणि फ्लोअरवर तो आला की तुमचा डावा हात आपोआप लोच्या नॉबकडे जाईल. मी हे आजही नवीन हेडफोन घेतले की करते.

त्यातून निघणारी सवय अशी की दोन्ही ट्रॅकचे लो एकदम उघडे ठेवायचे नाहीत. येणाऱ्या ट्रॅकचा लो बंद ठेवून मधला आणि वरचा भाग आणा, आठ आवर्तनं जाऊ द्या (१३४ ला ती साधारण सव्वाचौदा सेकंद होतात), आणि नवव्या आवर्तनाच्या समेवर एक लो बंद, दुसरा उघडा. तुमच्या त्या रात्रीच्या मिक्समध्ये नुसतं एवढं केलं असतंत तरी गढूळपणा गेला असता. आंबटपणा थोडा राहिला असता, कारण वरचे सूर भांडतच होते.

मास्टर टेम्पोचं काय करायचं? "किक मऊ पडते" हे खोटं नाही. वेग बदलून सूर तसाच ठेवायचा म्हणजे आवाजाचे बारीक तुकडे करून पुन्हा सांधायचे, आणि किकच्या सुरुवातीचा जो टोकदार ठोसा असतो तो या सांधकामात बोथट होऊ शकतो. पण किती? २ टक्क्यांना किती, ५ टक्क्यांना किती, तुमच्या प्लेयरवर किती? हे कुणाच्या सांगण्यावरून ठरवू नका. त्याच चार आवर्तनांच्या लूपवर पिच ५ टक्के वर न्या आणि मास्टर टेम्पोचं बटण चालू-बंद करत डोळे मिटून ऐका. पुष्कळदा फरक इतका थोडा निघतो की सुरांचं भांडण टाळण्यासाठी तो सहज सोसावा. माझा स्वतःचा रिवाज असा: मूळ टेम्पोत एखाद्या बीपीएमचाच फरक असेल तर बंद, त्याहून जास्त असेल आणि दोन्हीकडे सूर असतील तर चालू, आणि येणारा ट्रॅक नुसता ठोक्यांचा असेल तर बंद, मग फरक कितीही असो. मिक्स चालू असताना मधेच ते बटण दाबू नका एवढं सांभाळा, सूर एकदम उडी मारतो.

आता सपाटपणा. तुम्ही लिहिलंय की संपूर्ण सेट ४ए आणि ५ए मध्येच राहिला. म्हणजे दीड तास ऐकणाऱ्याचं घर बदललंच नाही. सात-आठ मिनिटांच्या एका ट्रॅकमध्ये एकसुरीपणा ही टेक्नोची ताकद आहे, दीड तासाच्या सेटमध्ये नाही. तुम्ही जुळवणं हेच ध्येय धरलंत असं मला वाटतं. दोन ट्रॅक न बोचता एकमेकांत विरघळले की तुम्ही पुढे जाता. पण दुसरा ट्रॅक आल्यावर खोलीत काय बदललं, हा प्रश्न राहूनच जातो.

इथे तुमचे ते बिनसुराचे ट्रॅक सोन्यासारखे आहेत. लायब्ररीत कोडच्या शेजारी तुमचा स्वतःचा एक रकाना करा आणि प्रत्येक ट्रॅकला तीनपैकी एक शब्द द्या: "ठोका", म्हणजे सूर जवळजवळ नाहीच. "एक स्वर", म्हणजे बेस एकाच स्वरावर, बाकी आवाज. "चाल", म्हणजे कॉर्ड, पॅड, धून असं काहीतरी फिरतंय. दोन हजार एका दमात करू नका, जे खरोखर वाजवता ते दीडशे आधी घ्या. मग ४एच्या "चाल" ट्रॅकमधून "ठोका" ट्रॅकवर या, दोन-तीन मिनिटं तिथेच राहा, कानातून जुना सूर जाऊ द्या, आणि तिथून हवं त्या कीमध्ये उतरा. ११ए, २ए, कुठेही. नवा सूर आला की तो आल्यासारखा वाटतो, कारण मधे पोकळी होती. थेट उडी मारायची असेल तर दोन आकडे पुढे जाऊन बघा, ४एवरून ६ए, म्हणजे पूर्ण एक स्वर वर. सात आकडे पुढे गेलात तर अर्धा स्वर वर. या उड्या लांब मिक्समध्ये करू नका. जुन्याचा शेवटचा ठोका आणि नव्याची सम, कातरल्यासारखं एकदम. किंवा ब्रेकडाउनमध्ये (किक थांबते त्या भागात) जुना एकोमध्ये सोडून द्या.

"एक स्वर" ट्रॅकचा तो एक स्वर कुठला हे मात्र तुम्ही स्वतः काढा. शिक्षण लागत नाही. फोनवर कीबोर्डचं कुठलंही ॲप घ्या, बेस लूपवर टाका, आधी गुणगुणा, मग कळ शोधा. बारापैकी बहुतेक कळा खुपतील आणि एक विरघळून जाईल. सॉफ्टवेअरचा कोड आणि तुमचा स्वर वेगळे निघाले तर तुमचा लिहा. बऱ्याचदा दोघांत पंचमाचं अंतर सापडेल, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, तिथे सॉफ्टवेअर अनेकदा घसरतं.

आणि तो बिघडलेला मिक्स घरी परत करून बघा, तेच दोन ट्रॅक घेऊन. एकदा होता तसाच. एकदा मास्टर टेम्पो चालू ठेवून. एकदा बंदच ठेवून, पण दोन लो कधीही एकत्र न उघडता. तिन्ही रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका, त्याच रात्री नको, कान थकलेला असतो.

ते झालं की एक शेवटचं करा. मूळ १२८ चा असा ट्रॅक शोधा ज्याचा कोड ९ए आहे आणि जो तुमच्या कानालाही ई मायनर वाटतो. मास्टर टेम्पो बंद ठेवा, तो १३६ वर न्या आणि तुमच्या त्या ४एच्या १३६ वाल्या ट्रॅकवर सोडा. लायब्ररीतल्या रकान्यानुसार ही जोडी चालायलाच नको, ९ आणि ४ मध्ये चाकावर पाच घरांचं अंतर आहे. दोन्हींचे पॅड एकत्र येऊ द्या आणि स्क्रीनकडे न बघता ऐका. मग मला परत लिहा.